वीजजोडणीची कबुलायत

इंदुरात रामबागेत किंवा लोकमान्यनगरात घर विकत घेणारा गृहस्थ खरेदीखत वकिलाकडून तपासून घेतो, चतुःसीमा स्वतः पायांनी मोजून पाहतो, नगरपालिकेच्या कराची पावती चष्मा लावून दोनदा वाचतो. परंतु तोच सावध गृहस्थ वीज कंपनीच्या झोनमध्ये (आमच्याकडे वीज कचेरीला सर्रास ‘झोन’च म्हणतात) नव्या मीटरची दरखास्त घेऊन उभा राहिला, की खिडकीतून पुढे आलेल्या छापील कागदावर, कारकुनाचे बोट जिथे टेकेल तिथे, एक अक्षरही न वाचता सही ठोकून मोकळा होतो. त्याला हवी असते वीज, कागद नव्हे. आणि खरे सांगायचे तर त्याने तो कागद वाचला असता तरी त्यातला एक स्वल्पविरामदेखील बदलून घेण्याचा अधिकार त्याला नव्हता. मग वाचायचा कशासाठी, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. त्याचे उत्तर मात्र तितके सोपे नाही, आणि त्याच उत्तरासाठी हा लेख.

आपल्याकडच्या जुन्या जमीनमहसुलाच्या व्यवहारात पट्टा आणि कबुलायत अशी एक जोडी असे. सरकार अथवा जमीनदार रयतेला पट्टा देई, आणि रयत त्याच्या उत्तरादाखल कबुलायत लिहून देई: अमुक जमीन, अमुक सारा, अमुक मुदत, आणि न भरल्यास अमुक परिणाम. दोन्ही कागद एकाच व्यवहाराचे, परंतु दोहोंचा मसुदा एकाच बाजूच्या दफ्तरात तयार होई. वीजजोडणीचा करारनामा हा त्या कबुलायतीचाच आधुनिक वंशज होय. फरक एवढाच, आणि तो लहान नव्हे, की कबुलायत लिहून घेणाऱ्याला बांधणारा कोणी नव्हता. वीज देणाऱ्या कंपनीला मात्र तिच्याही वर बसलेला कायदा बांधतो.

इंदुरात विजेचा पुरवठा सुरू झाला तो 1906 साली, होळकर दरबाराच्या अंमलात. 1909 साली शहराला अग्निशामक दल मिळाले आणि 1918 मध्ये पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने दरबाराला सादर केलेला इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या पिढीने राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांतून कंदिलाच्या जागी काचेचा दिवा लटकताना पाहिला, तिच्या दृष्टीने वीज ही दरबारची देणगी होती, आणि देणगीच्या शर्ती विचारण्याची रीत आपल्या समाजात नाही. शेजारच्या इंग्रजी हद्दीत मात्र 1910 सालचा भारतीय वीज कायदा होता, आणि संस्थाने विलीन होऊन मध्य भारत व पुढे 1956 साली आजचे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आल्यावर, जबलपूरला मुख्यालय असलेल्या विद्युत मंडळाच्या काळात, त्याच कायद्याची छाया आमच्या घरांवरही पडली.

त्या 1910 च्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत एक कलम होते, ज्याच्यात या विषयाचे अर्धेअधिक सार साठवलेले आहे. एखाद्या घराच्या मालकाने वा वहिवाटदाराने वीज मागितली, तर परवानाधारक कंपनीने एका महिन्याच्या आत ती द्यावी, हे पहिले. पण मागणाऱ्याने किमान दोन वर्षे वीज घेण्याचा लेखी, सरकारमान्य नमुन्यातला करार करून द्यावा आणि पुरेशी जमानत द्यावी, हे दुसरे. आणि तिसरे, जे मला सर्वांत मनोरंजक वाटते: कंपनीच्या मुख्य वाहिनीपासून 100 फुटांपर्यंतची तार कंपनीच्या खर्चाने, त्यापलीकडची आणि ग्राहकाच्या स्वतःच्या आवारातली ग्राहकाच्या खर्चाने. हे 100 फूट कायदेपंडितांनी कुठून आणले असतील ते असोत. पण या एका मोजपट्टीत सगळा वाद मावतो. तार सार्वजनिक हिताची की खाजगी सोयीची? ती कोणी ओढावी, कोणी तिचे मोल भरावे, आणि भरून झाल्यावर ती कोणाची? भरणाऱ्याची ती कधीच होत नाही, हे येथेच सांगून टाकतो. मीटरपर्यंतची तार ज्याच्या पैशाने आली त्याच्या नव्हे, कंपनीच्या मालकीची. तिच्यावरून पुढे शेजाऱ्याला जोडणी दिली गेली तरी आपण हूं की चूं करू शकत नाही. मीटरच्या अलीकडची जबाबदारी कंपनीची, पलीकडची आपली, आणि मीटरवरचे शिक्के हा या दोन राज्यांमधला सीमास्तंभ. तो हलवणाऱ्याची गय नाही.

इंदूरच्या विजेचा कारभार आज मध्य प्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे आहे. तिचे मुख्यालय आमच्याच पोलोग्राउंडवर आहे आणि विद्युत मंडळाच्या विभाजनानंतर 2005 सालापासून इंदूर व उज्जैन भागांतल्या तारा, खांब आणि मीटर तिच्या हाती आहेत. दर आणि शर्ती ठरवते ती मात्र ही कंपनी नव्हे. ते काम भोपाळच्या राज्य विद्युत नियामक आयोगाचे. त्याने काढलेली विद्युत पुरवठा संहिता आणि त्याच्याही वरचा 2003 सालचा विद्युत कायदा, असा हा चढता क्रम आहे. त्या कायद्याच्या 43 व्या कलमाने जुने तत्त्व अधिक कडक केले. घराच्या मालकानेच नव्हे, तर वहिवाटदारानेही मागितल्यास, परिपूर्ण दरखास्त मिळाल्यापासून एका महिन्यात वीज दिलीच पाहिजे, आणि न दिल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला 1,000 रुपयांपर्यंत दंड. वहिवाटदार हा शब्द भाडेकरूंनी विशेष ध्यानात ठेवावा. इंदूरच्या जुन्या वाड्यांत मालक आणि भाडेकरू यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे तंटे आहेत आणि ‘मालकाची चिठ्ठी आणा’ हे वाक्य अनेकांनी ऐकले आहे. पण कायद्याने वीज ही मालकीशी नव्हे, वास्तव्याशी जोडलेली आहे.

डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने ग्राहकांच्या हक्कांचे नियम प्रसिद्ध केले आणि 2024 च्या फेब्रुवारीत ते आणखी आवळले. आता महानगरात 3 दिवस, इतर नगरपालिका हद्दीत 7 दिवस, आणि ग्रामीण भागात 15 दिवस अशी जोडणीची कमाल मुदत आहे, डोंगराळ ग्रामीण मुलखाला तेवढी 30 दिवसांची सवलत. 10 किलोवॉटपर्यंतच्या भाराला ओळखीचा एक आणि मालकीचा वा वहिवाटीचा एक, असे दोनच पुरावे पुरतात. वीज आधीच पोहोचलेल्या भागात 150 किलोवॉटपर्यंतच्या जोडणीचे शुल्क भार आणि वर्ग पाहून ठरावीक दराने घ्यावे, दर खेपेस जागेवर जाऊन वेगळा अंदाज काढीत बसू नये, असेही त्या नियमांत आहे. 100 फुटांच्या मोजपट्टीची जागा अशी सरासरीने घेतली. त्यात खांबाशेजारी राहणाऱ्याला थोडे अधिक पडते आणि लांबच्याला थोडे कमी, परंतु फूट मोजायला येणाऱ्या माणसाची मर्जी सांभाळण्यापेक्षा हे बरे, असे माझे मत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्या कागदातला शब्द आपल्याला बदलता येत नाही, ज्याचा दर तिसराच कोणी ठरवतो, आणि ज्याला नकार देणे म्हणजे अंधारात बसणे, त्याला ‘करार’ म्हणावे तरी कसे? या प्रश्नाशी सर्वोच्च न्यायालयही वेळोवेळी झगडले आहे. बिहार राज्य विद्युत मंडळ आणि ग्रीन रबर इंडस्ट्रीज यांच्या खटल्यात, वीज वापरली नाही तरी करारातील किमान हमी-रक्कम भरावीच लागेल का, असा वाद होता. न्यायालयाने हा कागद एका साच्याचा करार आहे हे मान्य केले, पण त्याचबरोबर हेही सांगितले की ज्याने सही केली तो सामान्यतः त्या शर्तींनी बांधला जातो, मग त्याने त्या वाचल्या असोत वा नसोत. पुढे 1998 साली हैदराबाद वनस्पती आणि आंध्र प्रदेश विद्युत मंडळ यांच्या खटल्यात न्यायालय एक पाऊल पुढे गेले. मंडळाने कायद्याच्या अधिकारात केलेल्या पुरवठ्याच्या शर्ती या मुळी वैधानिक स्वरूपाच्या आहेत, त्यांचे बळ ग्राहकाच्या सहीतून येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. मला हा निर्णय प्रथम कठोर वाटला होता. पण त्याची दुसरी बाजूही आहे. शर्ती जर कायद्याच्या असतील, तर कंपनीलाही त्या मनाप्रमाणे ग्राहकागणिक वळवता येत नाहीत. संहितेत नसलेली मागणी एखाद्या खिडकीवर केली गेली, तर ‘हे कुठे लिहिले आहे?’ एवढे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि तो विचारता यावा म्हणूनच कागद वाचायचा.

त्या कागदात वाचण्याजोग्या गोष्टी कोणत्या, तर सर्वांत आधी भार. घरात किती किलोवॉटची साधने चालतील याचा आकडा ‘स्वीकृत भार’ म्हणून लिहिलेला असतो, आणि तो लिहिताना आपण बहुधा दोन पंखे नि चार दिवे यांच्या काळातले असतो. पुढे वातानुकूलन यंत्र येते, पाणी तापवायचे गीझर येते, दारात विजेवर चालणारी गाडी येते, आणि कागद मात्र तेथेच राहतो. त्याहून घातक म्हणजे वापराचा हेतू. घरगुती मीटरवर पुढच्या खोलीत शिवणकामाचे दुकान अथवा शिकवणी वर्ग चालवला, की कायद्याच्या 126 व्या कलमातील ‘अनधिकृत वापर’ लागू होऊ शकतो, आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट. सुरुवात केव्हा झाली हे ठरवता आले नाही तर तपासणीपूर्वीच्या 12 महिन्यांची. यात चोरीचा लवलेश नसतो, मीटर चोख चालत असतो, बिल वेळच्या वेळी भरलेले असते. तरीही कागदावरचा शब्द एक आणि खोलीतले वास्तव दुसरे, एवढ्याने हा दंड पडतो. ओरिसातील सीताराम राइस मिलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली मंजूर भारापेक्षा अधिक वीज ओढणेही याच कलमात बसवले. भार वाढवून घेण्याची दरखास्त ही कटकट खरी, पण ती या दुप्पट आकारणीपेक्षा फारच स्वस्त.

सांवेर रोड आणि पीथमपूरच्या कारखानदारांसाठी हाच आकडा ‘करारित मागणी’ या नावाने येतो, आणि तिथे तो उलट बाजूनेही चावतो. मध्य प्रदेशच्या अलीकडच्या दरपत्रकांत उच्चदाब ग्राहकाची मागणी-आकारणी प्रत्यक्ष कमाल मागणीवर किंवा करारित मागणीच्या 90 टक्क्यांवर, यांपैकी जे अधिक असेल त्यावर होते. यंत्रे बंद असोत, कामगार संपावर असोत, 90 टक्क्यांचा तगादा चालूच. कंपनीचे म्हणणे असे की, तुमच्यासाठी आम्ही तार, रोहित्र आणि उपकेंद्र राखून ठेवले आहे. मंगल कार्यालय आरक्षित केल्यावर वऱ्हाड आले नाही म्हणून कोणी भाडे परत देत नाही. उपमा मार्मिक आहे. पण मंगल कार्यालये गावात दहा असतात.

अनामतीविषयी लोकांच्या मनात उगाच एक हताशपणा असतो, जणू ती रक्कम गंगार्पण झाली. वस्तुतः कायद्याच्या 47 व्या कलमाप्रमाणे या अनामतीवर किमान बँक-दराइतके व्याज देणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि ते साधारणतः वर्षातून एकदा बिलातून वजा होऊन येते. ती ओळ बिलात शोधावी. अनामत ग्राहकाच्या वापराप्रमाणे वाढतेही, म्हणून एखाद्या उन्हाळ्यात बिलाखाली ‘अतिरिक्त सुरक्षा निधी’ असा आकडा आला तर तो दरोडा समजू नये. आधी पैसे भरून मग वीज वापरण्याचा, म्हणजे प्रीपेड मीटरचा मार्ग जो स्वीकारतो, त्याच्याकडून अनामत मागता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. स्मार्ट मीटर लवकर आलेल्या शहरांत इंदूरची गणना होत असल्याने ही तरतूद आमच्या कामाची. नळीने घरात येणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसचा न्याय मात्र वेगळा आहे. इंदुरात तो अवंतिका गॅस ही कंपनी पुरवते, आणि गॅसजोडणीची घरगुती अनामत ही देशभरच्या नियमांप्रमाणे परत मिळणारी पण बिनव्याजी असते. एकाच भिंतीवर दोन मीटर, दोन्हींची अनामत, एक व्याज देते आणि दुसरी देत नाही. दोन नियामक, दोन कायदे, आणि मधे आपली भिंत.

जुन्या थकबाकीचा प्रश्न या शहरात विशेष जिव्हाळ्याचा आहे, कारण इंदूर हे बंद पडलेल्या गिरण्यांचे शहर आहे. 1991 च्या डिसेंबरात हुकुमचंद मिलचा भोंगा थांबला तेव्हापासून गिरण्यांच्या, गोदामांच्या आणि कारखान्यांच्या जागा हातोहात फिरत आल्या आहेत. अशी जागा लिलावात घेणाऱ्याने वीज मागितली, तर आधीच्या मालकाचे बुडवलेले बिल त्याच्या माथी मारता येते का? सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांत यावर बरीच वर्षे हेलकावे होते: 1995 च्या ईशा मार्बल्स खटल्यात लिलावातल्या खरेदीदाराला दिलासा मिळाला होता, पुढे तोल दुसरीकडे झुकत गेला, आणि शेवटी 19 मे 2023 रोजी के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य विद्युत मंडळ या खटल्यात, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायाधीशांच्या पीठाने एकत्रित निकाल दिला. वीज देण्याचे कर्तव्य निरपेक्ष नसून शर्तींच्या अधीन आहे, आणि जुनी बाकी भरल्याशिवाय त्या जागेला जोडणी नाही, अशी शर्त जर वैध संहितेत असेल, तर ती नव्या मालकालाही लागू होऊ शकते, असा त्याचा इत्यर्थ. त्याचबरोबर, कायद्यात तशी तरतूद नसेल तर ही बाकी जागेवरचा बोजा आपोआप ठरत नाही, असेही न्यायालयाने सांगितले. थोडक्यात, घर घेताना शेवटचे वीजबिल आणि ‘बाकी नाही’ असा कंपनीचा लेखी दाखला मागणे हे चतुःसीमा मोजण्याइतकेच अगत्याचे आहे.

जोडणी देण्याच्या शर्ती जेवढ्या महत्त्वाच्या, तेवढ्याच ती तोडण्याच्या. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते; शिडी घेऊन आलेला लाइनमन म्हणजे नोटीस नव्हे. बिलावरच वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीप्रमाणे येणारी रक्कम, यांतली कमी असेल ती निषेध नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. 56 व्या कलमातील ही सोय शेकडा नव्वद ग्राहकांना ठाऊक नसावी, असा माझा कयास आहे. एकदा एका परिचिताचे बिल अकस्मात दसपट आले, तेव्हा त्यांनी तीन दिवस मेणबत्त्यांत काढून मग संपूर्ण रक्कम भरली आणि परताव्यासाठी वर्षभर खेटे घातले. हे कलम त्यांना पुढे सहा महिन्यांनी कोणा वकिलाच्या बैठकीत ऐकू आले. कंपनीच्या स्तरावर तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल, अशी फिर्यादीची दोन पायऱ्यांची व्यवस्था कायद्यानेच घालून दिलेली आहे, आणि मंचासमोर उभे राहायला वकील लागतोच असे नाही.

विलायतेत या कागदाचे दोन तुकडे झाले आहेत. तिथे वीज विकणारा एक आणि तारांचा मालक दुसरा. घरमालक विक्रेता दर वर्षी बदलू शकतो, पण तार बदलत नाही, म्हणून तारमालकाशी असलेल्या नात्याच्या देशभर एकसारख्या शर्ती आहेत आणि विक्रेत्याशी करार करतानाच त्या मान्य झाल्या असे धरले जाते. सही न करताही कबुलायत! आपल्याकडे याची झलक मुंबईने पाहिली. 2008 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला उपनगरांतल्या लहान ग्राहकांनाही वीज विकण्याचा मार्ग मोकळा केला, आणि पुढे हजारो घरांत तार एका कंपनीची व बिल दुसरीचे, असा प्रकार सुरू झाला. मोठ्या उद्योगांना अशी ‘खुली वाट’ 2003 च्या कायद्याने दिलीच होती. 2022 च्या नियमांनी हरित विजेपुरती तिची मर्यादा 1 मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आणली. तेव्हा पीथमपूरच्या एखाद्या मध्यम कारखान्यालाही आता तारेचा करार इथल्या कंपनीशी आणि विजेचा दुसऱ्याशी करता येतो.

आमच्या शहराने तर स्वतःच मोठे ग्राहक होऊन हे सगळे अनुभवले आहे. इंदूरच्या नळाला येणारी नर्मदा मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर अंतर आणि मधला घाट चढून येते. 1970 च्या जनआंदोलनानंतर ती 1978 च्या सुमारास शहरात पोहोचली, आणि तेव्हापासून प्रत्येक घागरीत पाण्याइतकीच वीजही भरलेली आहे. हे पंपांचे बिल हलके व्हावे म्हणून महानगरपालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये जनतेकडून हरित कर्जरोख्यांतून 244 कोटी रुपये उभारले ते जलूदच्या 60 मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी.

आणि छपरावर सौर पट्ट्या लावणारा साधा गृहस्थ आता त्याच झोनमध्ये दुसऱ्या एका कागदावर सही करतो, ज्यात तो वीज घेणाराही असतो आणि देणाराही. मोडी दफ्तरात त्याला एकाच वेळी घेणेकरी आणि देणेकरी लिहावे लागले असते. 2020 च्या नियमांनी अशा दुहेरी माणसाचे ग्राहक म्हणून असलेले हक्क कायम ठेवले आहेत. आणि 2024 च्या दुरुस्तीने 10 किलोवॉटपर्यंतच्या छपरी सौरयंत्रणेची दरखास्त तांत्रिक तपासणीवाचून मंजूर धरली, तर 5 किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेसाठी बाहेरची तार वा रोहित्र सुदृढ करावे लागले, तर तो खर्च कंपनीनेच सोसावा असे ठरवले. 1910 सालच्या 100 फुटांपलीकडच्या तारेचे पैसे मोजणाऱ्याच्या पणतवंडाला ही सवलत मिळते आहे, आणि तोही बहुधा कागद न वाचताच सही करील.